पाहायचे पदमपुरात, घ्यायचे गोंदियात

आमगावजवळचे पदमपूर हे गोंदिया जिल्ह्यातले एक साधे खेडे. झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावाभोवती असतात तशाच धानाच्या बांध्या, तसेच बांध, तशीच कौले. तरी वाकाटकांच्या इतिहासाचा आणि संस्कृत नाटकाचा अभ्यास करणारे या नावाशी हमखास थबकतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते हेच प्राचीन पद्मपूर: वाकाटकांच्या उत्तरकाळातली राजधानी आणि नाटककार भवभूतीच्या घराण्याचे मूळ गाव.

या मताला मुख्य आधार दोन. पहिला, छत्तीसगडात दुर्गच्या बाजूला सापडलेला एक ताम्रपट. तो पद्मपुराहून दिल्याची नोंद अगदी सुरुवातीलाच आहे, पुढे वाकाटकांची वंशावळ येते; पण दान कोणाला आणि कोणत्या गावचे, हे यायच्या आतच अक्षरे संपतात. दुसरा आधार खुद्द भवभूतीच्या शब्दांतला. नाटकाच्या प्रस्तावनेत तो दक्षिणापथातल्या पद्मपूर नावाच्या नगराचे नाव घेतो, तिथल्या तैत्तिरीय शाखेच्या काश्यप गोत्री घराण्याचा, आजोबा भट्टगोपाल आणि वडील नीलकंठ यांचा उल्लेख करतो. बाकीचे काम नावाच्या साम्याने आणि पूर्व विदर्भाच्या भूगोलाने केले. हे अनुमान आहे, शिलालेख नव्हे; पण आमगावकरांनी ते मनापासून आपले मानले, इतके की तिथल्या महाविद्यालयालाच भवभूतीचे नाव आहे.

जिल्ह्यातले ऐतिहासिक शहर पाहायला निघालेल्या माणसाचा दिवस इथून सुरू होतो, आणि सुरू होताच त्याची पंचाईत होते. पाहायचे काय? तट नाही, वेस नाही, राजवाडा नाही. जुन्या मूर्ती आणि घडीव दगड तेवढे परिसरात आढळले आहेत. याच वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी खोदली गेली. तिथे कातळ होता म्हणून ती राहिली. इकडे वैनगंगेच्या खोऱ्यात घरे बांधायची ती माती, विटा आणि लाकूड यांची. लाकूड वाळवी खाते, विटा पुढची पिढी उचलून नेते आणि मोकळी झालेली सपाट जागा धानाला फारच सोयीची पडते. नगराची अशी बांधी होते. हे नाहीसे होणे हेच इथले प्रेक्षणीय स्थळ, असे म्हणता येईल. पण ते पाहुण्याचे मन राखण्यासाठी म्हटल्यासारखे होईल. त्यापेक्षा इथे येणाऱ्याने भवभूती वाचून यावे.

‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण चित्रे पाहत हिंडतात. चित्रे त्यांच्याच आयुष्याची. लक्ष्मण एकेक प्रसंग दाखवत पुढे नेतो; शूर्पणखेचे चित्र पाहून सीता दचकते, रामाचे जुने दुःख पुन्हा उफाळते. हे सगळे पाहून सीतेला ते अरण्य आणि ती भागीरथी पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहण्याची इच्छा होते, आणि त्याच इच्छेच्या आडोशाने तिला वनात सोडले जाते. स्थलदर्शन इतके महागात पडल्याचे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. खरेदी-विक्रीचे म्हणाल तर ‘मालतीमाधवा’तला माधव स्मशानात जाऊन भुताखेतांना नरमांस विकायला उभा राहतो. पद्मपूरच्या कवीकडून बाजारहाटाची शिफारस मिळते ती एवढीच; तेव्हा खरेदीला गोंदिया गाठलेले बरे.

इटलीतल्या जुन्या शहरात अशी धावपळ करावी लागत नाही. फ्लोरेन्सचा पोन्ते वेक्यो हा आर्नो नदीवरचा पूल १३४५ सालचा. त्यावर दोन्ही बाजूंनी दुकाने. १५९३ मध्ये फेर्दिनांदो मेदिची याने तिथल्या खाटकांना उठवून सोनारांना बसवले आणि ते अजून बसलेले आहेत. पूल पाहायला गेलेला प्रवासी आपोआप दुकानात शिरतो, आणि दुकानात शिरलेल्याला इतिहास पाहिल्याचे समाधान मिळते. गोंदिया जिल्ह्यात इतिहास एकीकडे राहिला आणि बाजार रेल्वेच्या मागे गेला. दोहोंमध्ये पंचवीसेक किलोमीटर पडतात. मात्र पद्मपूरच्या बाजारपेठेत जे काही मिळत असेल, त्यातले पुष्कळसे गोंदियात आजही तागडीवर चढते: तांदूळ, लाख, डिंक, मोह, मध, कोसा. जुनेपण इथे इमारतीत नाही, मालात आहे. म्हणून गोंदियात खरेदी हेच स्थलदर्शन, आणि ते दगड पाहण्याइतक्याच सावकाशीने करावे लागते.

आमगाव हे हावडा–नागपूर–मुंबई या मुख्य मार्गावरचे स्थानक. पूर्वेला सालेकसा, दरेकसा आणि मग छत्तीसगडचा डोंगर. पश्चिमेला गुदमा आणि गोंदिया जंक्शन. बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि १८९१ मध्ये नागपूर थेट आसनसोलला जोडले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून उत्तरेला नैनपूर-जबलपूरकडे नॅरोगेज निघाली, पुढे दक्षिणेला नागभीड-चांदा. चार दिशांचे रूळ एका ठिकाणी आल्यावर गावाचे शहर व्हायला वेळ लागला नाही. त्याआधी इथे काय होते याचे उत्तर लोक शहराच्या नावातूनच देतात: जंगलातून गोंद आणि लाख विकायला येणाऱ्यांचा हा ठिय्या होता म्हणतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. रुळांनी शहराची दोन शकले केली आहेत. एका अंगाला मुख्य बाजार, दुसऱ्या अंगाला रेलटोली. गोरेलाल चौक, जयस्तंभ चौक, गांधी प्रतिमा या खुणांवर नवखा माणूस वाट चुकत नाही. कानावर भाषा मात्र चार पडतात. गल्ल्यावर हिंदी, त्यात गुजराती-मारवाडी-सिंधी हेल. गिऱ्हाईक मराठीत, नाही तर पोवारीत. छत्तीसगडहून आलेली बाई तिच्या बोलीत. सौद्यात कोणाचे कोणावाचून अडत नाही.

पहिले दुकान तांदळाचे. गोंदिया-भंडारा हा महाराष्ट्राचा धानाचा मुलूख, आणि शहराच्या चहूबाजूंना राईस मिल आहेत. दुकानात पोत्यांची तोंडे दुमडून ठेवलेली असतात आणि प्रत्येक ढिगावर पुठ्ठ्याची पाटी खोचलेली: एचएमटी, जय श्रीराम, कोलम, चिन्नोर. तांदूळ घेणारा माणूस पाटी वाचत नाही. तो मूठभर दाणे तळहातावर घेतो, दुसऱ्या अंगठ्याने चोळतो, हात उजेडाकडे तिरपा करतो. पोटात पांढरा ठिपका असलेला दाणा, तुटका दाणा, पिवळा दाणा बोटाने बाजूला सारतो. मग एक दाणा दाताखाली धरतो. नवा तांदूळ दाताला किंचित चिकटतो, जुना कटकन तुटतो. “नवा हाय का जुना?” “जुनाच हाय काकाजी, दातानं पाहा ना जी.” एवढ्या बोलण्यात भाव निम्मा ठरलेला असतो, कारण जुना तांदूळ शिजून मोकळा होतो, फुगतो, आणि वर्षभर सांभाळल्याचे पैसे दुकानदार लावणारच. मग कट्टा शिवून बाहेर येतो.

पाटीवरच्या एचएमटी या अक्षरांमागे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यातले दादाजी खोब्रागडे आहेत. थोडक्या जमिनीचे हे शेतकरी. १९८० च्या दशकात त्यांना आपल्या शेतातल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निवडल्या, त्यांचे बी वेगळे पेरले, पुन्हा निवडले. दाणा बारीक निघाला, उतारा चांगला आला. व्यापाऱ्याकडे नेताना वाणाला नाव हवे होते, आणि तेव्हा एचएमटीचे मनगटी घड्याळ ही मोठी मिरवायची वस्तू होती. वाण देशभर पसरला. कृषी विद्यापीठाने त्याचीच सुधारित आवृत्ती पुढे आणली. निवडणाऱ्याच्या हाती मात्र त्या मानाने काही पडले नाही. २०१८ मध्ये दादाजी गेले. घड्याळांचा तो कारखानाही बंद पडला, नाव तांदळाच्या पाटीवर राहिले. चिन्नोर त्याहून जुना आणि सुगंधी. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे. चिन्नोरला उतारा कमी आणि कापणीला उशीर, म्हणून शेतकरी तो घरापुरता लावतो, आणि म्हणूनच दुकानातला चिन्नोर खरा आहे का हे विचारून घ्यावे. वास पोत्याच्या तोंडाशी नव्हे, हाताच्या उबेत पाहावा.

याच दुकानात उष्णा आणि अरवा हा भेदही समजून घ्यावा लागतो. धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडला की तो उष्णा. तसाच भरडला की अरवा. उष्ण्याचा दाणा कडक होतो, भरडताना कमी तुटतो. तुटलेली ती कनकी, स्वस्त मिळते. तूस बॉयलरच्या भट्टीत जाते, कोंडा तेलाच्या कारखान्याकडे. धानाचे काहीच वाया जात नाही.

तांदळानंतर जंगल. हा माल सगळा एका दुकानात मिळत नाही आणि बारा महिनेही मिळत नाही. मोहफूल चैत्रात वेचतात, तेंदूची पाने उन्हाळ्यात तोडतात, चारोळी त्याच सुमारास, आवळा-हिरडा-बेहडा पुढे थंडीत. डिंकाला गिऱ्हाईक डिसेंबरात, बाळंतिणीच्या आणि थंडीच्या लाडवांसाठी. धावड्याचा डिंक मागावा, आणि काळपट खडे व झाडाची साल निवडून काढायला दुकानदाराला सांगायची लाज बाळगू नये. तेंदूपत्ता किरकोळ गिऱ्हाइकाच्या कामाचा नाही. सत्तर पानांचे एक पुडके, शंभर पुडक्यांचा भाव, आणि भल्या पहाटे घराबाहेर पडणारे मजूर असा तो हिशेब. पण शहर समजून घ्यायचे तर त्याला वगळता येत नाही. गोंदियाची मोठी संपत्ती विडीतून उभी राहिली, आणि मनोहरभाई पटेल यांच्यासारख्या विडी उद्योजकाने ती काही अंशी शिक्षणसंस्थेकडे वळवली. मुलखातल्या दोन पिढ्या पदवीधर झाल्या त्यात या पानाचा वाटा आहे.

लाख हा या बाजारातला सर्वांत लांबचा प्रवास केलेला माल. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक किडा वस्ती करतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच बांधतो. फांदी तोडून, ते खरवडून काढले की कच्ची लाख. धुतली की दाणा, वितळवून ताणली की चपडा. धुतल्यावर निघालेले लाल पाणी म्हणजे रंग. हा लाल रंग मध्ययुगात समुद्रामार्गे इटलीपर्यंत जात असे. चित्रकार तो वापरत, कापड रंगवणारे वापरत. चौदाव्या शतकातल्या फ्रान्चेस्को पेगोलोत्ती या फ्लोरेन्सच्या माणसाने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात पक्की लाख कोणती आणि कच्ची कोणती, हे ओळखायच्या सूचना आहेत. ती लाख याच मुलखातली होती असे म्हणायला पुरावा नाही. पण खडा फोडून आत रंग किती ते पाहणे ही पारख गोंदियाच्या व्यापाऱ्यालाही परकी वाटणार नाही. इथे एकेकाळी लाखेचे कारखाने चांगले चालत. पुढे प्लास्टिक आले, ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकड्या गेल्या, मागणी आटली. आता बांगड्या, पॉलिश, औषधाच्या गोळ्यांवरचे आवरण यांसाठी ती लागते. गिऱ्हाइकाने खडा हातात घेऊन पाहावा. विकत घेऊन करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे.

भाजीबाजारात तळ्यांचा माल येतो. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांचा हा जिल्हा. नवेगावबांधचा तलाव त्यांतला सर्वांत नामांकित. ढिवरांनी काढलेला शिंगाडा थंडीच्या तोंडावर ओला, हिरवा मिळतो. उकडलेलाही मिळतो, तेव्हा साल काळी पडलेली असते. सुकवलेल्या झिंग्यांचे ढीग दुरूनच कळतात. लाखोळीची डाळही इथेच. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात, आणि नांगरट न करता दुसरे पीक हाती येते. ती फार खाल्ल्याने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. झाडीपट्टीत ती खाणे मात्र थांबले नाही. वडे-भजी तिचीच खमंग होतात असे इथल्या बायका ठासून सांगतात. महाराष्ट्राने पुढे बंदी उठवली. पाहुण्याने अर्धा किलो न्यायला हरकत नाही, रोजच्या वरणाला लावू नये.

कापडात बघण्यासारखा एकच प्रकार, कोसा. टसरचे किडे घरात वाढत नाहीत. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर सोडतात आणि पाखरांपासून राखतात. पूर्व विदर्भात हे काम ढिवर कुटुंबे पिढ्यान्पिढ्या करत आली. विणकाम मुख्यतः शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, आंधळगाव-मोहाडीकडे. करवती काठाच्या साडीत काठ आणि अंग यांचे धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उठते. हातमागाची खूण तिथेच शोधावी: साडी उलटी करून दाते मागच्या बाजूलाही तितकेच रेखीव आहेत का ते पाहावे. छापील दात्यांची साडी निम्म्या किमतीत मिळते आणि पहिल्या धुण्यात आपली किंमत सांगते. बाकी कापडबाजार सुरतेचा. त्यावर वेळ दवडू नये.

दुपार उतरल्यावर नागऱ्याला जाता येते. शहरापासून पाच-सहा किलोमीटर. इथले शिवमंदिर दगडी खांबांचे, हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे. हेमाडपंत हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. प्रत्येक जुन्या दगडी देवळाचे श्रेय त्याच्या खात्यावर मांडायची महाराष्ट्राची सवय नागऱ्यालाही लागू आहे. दगड चुन्यावाचून एकमेकांत बसवलेले, खांबांना चौकोनी-अष्टकोनी कोन. सकाळी पदमपुरात जे मिळाले नाही ते इथे मिळते: बांधलेले, उभे असलेले, हात लावता येईल असे काहीतरी. श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथे रीघ लागते. एरवी संध्याकाळी मोजकीच माणसे असतात.

पाहणे आणि घेणे यांची ताटातूट जत्रेच्या दिवशी मिटते. महाशिवरात्रीला नागऱ्यासारखीच अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाला यात्रा भरते. तिथे डोंगरावर महादेव आणि जवळच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा, दोन्हीकडे माणसे जातात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे अनेक राज्यांतले गोंड लोटतात. पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या मुलांना तिथून सोडवले, अशी त्यांची श्रद्धा. अलीकडच्या काळात ही यात्रा नव्याने उभी राहिली त्यात गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांचा हात मोठा. पालांत खेळणी-मिठाईच्या जोडीला गोंडी पुस्तके आणि सप्तरंगी झेंडेही असतात.

गावोगावची जत्रा म्हणजे मंडई. भाऊबीजेपासून ती सुरू होते आणि प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा धरते, म्हणजे शेजारच्या गावाला येता येते. दिवसा दंडार, रात्री मंडप टाकून नाटक. सासरी गेलेल्या लेकी आलेल्या, सोयरिकीची बोलणी चाललेली. दुकानांच्या रांगेत बांगड्या, फुगे, जिलेबी, शेव, ऊस, सुपे-टोपल्या. या दिवसांत हातात पैसा असतो तो हलक्या धानाचा. ते लवकर निसवते आणि दिवाळीच्या आगेमागे कापले जाते. भारी धान अजून बांधीत उभे असते. ते कापून, पुंजणे रचून, चुरून होईपर्यंत डिसेंबर उजाडतो, आणि लग्नाचे कापड, भांडी, सोने यांच्यासाठी माणसे गोंदियाच्या बाजाराकडे त्यानंतरच वळतात.